शेजारी की भोवती

जीपनीच्या, म्हणजे लांबलचक प्रवासी जीपच्या, टपावर बसून डोंगर चढायचा तर दोन गोष्टी लागतात. बुडाखाली काहीतरी मऊ आणि शेजारी कुणीतरी गप्प. आविंगानकडे त्या दिवशी कॉफीची रिकामी पोती होती. ताबुकच्या बाजारात माल विकून ती लुबाकला परत चालली होती आणि पोत्यांची चौपदरी घडी करून तिच्यावर ऐसपैस बसली होती. दुसऱ्या गोष्टीचीही सोय आपोआप झाली होती. शेजारचा तरुण तासभर एक अक्षर बोलला नव्हता. मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं एक गोल गाठोडं धरून तो बसला होता, आणि खड्डा आला की आधी गाठोडं सावरत होता, मग स्वतःला.

गप्प माणूस बरा असतो, पण इतकाही गप्प बरा नाही. दुसऱ्या तासाला आविंगानला राहवलं नाही.

"झोपलंय का?" तिने विचारलं.

"कोण?"

"बाळ."

त्याने गाठोड्याकडे पाहिलं. हसला नाही, पण ओठाचं एक टोक जरासं हललं. "जागंच आहे. शहाणं आहे पण. हात लावल्याशिवाय तोंड उघडत नाही."

"म्हणजे बापावर गेलंय."

"बापाला अजून कुणी हात लावून बघितलेला नाही," तो म्हणाला… आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान. आविंगानने ते सगळं निवांत पाहून घेतलं. लाजणारे पुरुष तिच्या गावात फारसे नव्हते.

"ए वरच्यांनो!" खालून दुमायाचा आवाज आला. दुमाया ही जीपनी चालवायची, आणि त्या रस्त्यावर जीपनी चालवणारी बाई ती एकटीच होती. "या पत्र्याला भोकं आहेत बरं का! मला सगळं ऐकू येतं!"

"मग कान बंद ठेव आणि रस्ता बघ," आविंगान ओरडली.

मग पाऊस आला. डोंगरातला पाऊस तिरका येतो आणि टपावरच्या माणसांना तर आडवाच लागतो. त्याने पिशवीतून प्लास्टिकचा कागद काढला, अर्धा गाठोड्यावर घातला आणि उरलेला अर्धा तिच्यापुढे धरला.

"आणि तू?"

"मी वाळतो. हे गंजतं."

"काशाच्या थाळीला गंज चढतो होय? गांसा आहे ना त्यात?"

"आहे."

"मग ये की आत. गांसाला भिजू दे."

तो आला. एका कागदाखाली दोन डोकी म्हणजे चार गुडघे एकमेकांना लागणारच. ते लागले. कुणी मागे घेतले नाहीत. बोलणं मात्र वाढलं. तो आठ वर्षं बागियोला होता, हॉटेलातल्या पाहुण्यांसमोर रोज संध्याकाळी गांसा वाजवायचा. सहा गांसांच्या रांगेत शेवटचा, सहावा, त्याचा. सहाव्याला बाकीच्या पाचांसारखं एकच ठोकत बसावं लागत नाही, त्याने नाचणाऱ्याच्या पायांकडे बघायचं आणि त्याप्रमाणे बोलायचं.

"म्हणजे आठ वर्षं बायकांचे पाय बघत होतास," आविंगान म्हणाली.

"कामच होतं ते."

"बिच्चारा."

लुबाकच्या अलीकडे दोन तासांवर दरड कोसळलेली होती. दुमायाने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि सीटवर आडवी होऊन डोळ्यांवर टोपी ओढली. दरड कुणीतरी कधीतरी उपसतं, हा तिचा अनुभव होता. ज्यांना घाई होती ते चालू लागले. त्याने तिची पोती खांद्यावर घेतली आणि तिच्या हातात गांसा दिला. आपला गांसा त्याने आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. हे त्याने तिला सांगितलं नाही, आणि तिनेही, तो किती जड आहे ते त्याला सांगितलं नाही.

लुबाक आलं तेव्हा ऊन पडलं होतं. त्याला पुढे आणखी तीन तास चालायचं होतं, पण दारात आलेल्या परक्या माणसाला पाणी दिल्याशिवाय पुढे धाडणं आमच्याकडे होत नाही. आमच्या घरचं पाणी प्यायला की तो आमचा पाहुणा, मग त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. आविंगानने पाणी आणलं. तो घटाघटा प्यायला. तेवढ्यात तिचे आमा, म्हणजे वडील, दालुनाग बाहेर आले.

"कुठला रे तू?"

"दानिगचा. वासिग. गाम्मादचा मुलगा."

दालुनागचा चेहरा उजळला. दोन ढांगांत येऊन त्याने वासिगला मिठीच मारली. "अरे, गाम्मादचा? बागियोचा? आविंग, बघतेस काय अशी? हा तुझा भाऊ!"

आविंगान बघतच राहिली. चार तास तिने ज्याची फिरकी घेतली, ज्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, तो भाऊ निघाला होता.

भाऊ म्हणजे रक्ताचा नव्हे. लुबाक आणि दानिग या दोन गावांत बोदोंग आहे. बोदोंग म्हणजे सलोख्याचा करार. आजोबा-पणजोबांच्या काळात ही दोन गावं एकमेकांची डोकी उडवायची. ते थांबलं ते या करारामुळे. एका गावातलं एक घर आणि दुसऱ्या गावातलं एक घर तो सांभाळतं. दानिगच्या माणसाचा रेडा लुबाकमध्ये चोरीला गेला तर तो शोधून द्यायची जबाबदारी दालुनागची, आणि लुबाकच्या माणसाला दानिगमध्ये मार बसला तर जाब गाम्मादला. हे दोन राखणदार एकमेकांचे भाऊ होतात, पाठच्या भावापेक्षा जवळचे. त्यांच्या मुलांनी एकमेकांना भावंडं म्हणायचं असतं, पण ते नुसतं म्हणण्यापुरतं. करार मुलांनी स्वतःच्या हाती घेतला, की मात्र ते नातं पक्कं. मग त्यात लग्नबिग्न काही बसत नाही.

आणि करार मुलांच्या हाती जायचा होता तीन महिन्यांनी. भात कापून झालं की.

संध्याकाळी दरड उपसून दुमायाची जीपनी गावात आली, तेव्हा आविंगान तिच्या दारात जाऊन उभी राहिली. "तुझा चुलतभाऊ आहे तो. मला तू चांगली ओळखतेस. आम्ही दोघं कोण ते तुला माहीत होतं, आणि तू खाली बसून खुदुखुदु हसत होतीस?"

"मला कुणी विचारलं?" दुमाया म्हणाली.

*

वासिग आठ-दहा दिवसांनी येऊ लागला. निमित्त मेजवानीचं. दानिगहून किती माणसं येणार, डुकरं किती लागणार, तांदूळ कुणाकडचा. हे एका खेपेत ठरण्यासारखं होतं, पण त्याने ते सहा खेपांत ठरवलं. आविंगान अंगणात चटईवर कॉफी वाळवत असायची किंवा कढईत भाजत असायची. तो पलीकडे बसायचा आणि धूर त्याच्याच बाजूला यायचा.

"मानांग," तो म्हणायचा, "कॉफी करपतेय."

मानांग म्हणजे ताई. ती त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठी, शिवाय बहीण. मानांग म्हणणं अगदी रीतीला धरून होतं, आणि म्हणून तिला ते अजिबात खपत नव्हतं.

"पुन्हा मानांग म्हणालास तर ही कढई डोक्यावर घालीन."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

"आविंगान." त्याने ते असं हळू म्हटलं, की खरोखरच एक घाणा करपला. ती तशी कॉफी तिने त्याला वाडगाभर करून दिली, साखर भरपूर घालून, आणि तो ती तोंड वाकडं न करता प्यायला. तिने हे मनात नोंदवून ठेवलं.

एकदा ती म्हणाली, "करार घ्यायच्या दिवशी आपल्याला दोघांना नाचावं लागेल, माहीत आहे ना? सगळ्यांसमोर. शिकवू का?"

"मला वाजवता येतं."

"वाजवणं आणि नाचणं एक नाही."

"आठ वर्षं दुसरं काय बघत होतो? येईल मला."

हे त्याचं बोलणं पुढे त्याला चांगलंच भोवणार होतं, पण तेव्हा ती त्याच्या हातांकडे बघत होती. ती बोटं सारखी गुडघ्यावर काहीतरी वाजवत असायची, आणि आविंगान कधीकधी पायाने त्याला जबाब द्यायची. बस, एवढंच. एवढ्यावर माणूस प्रेमात पडतो का? पडतो. आविंगान पडली होती आणि तिला ते चांगलं कळलेलं होतं. उगाच न कळल्याचं सोंग करणाऱ्यांतली ती नव्हती.

पाचव्या खेपेला तिनेच विषय काढला. सरळ, कॉफी उलथता उलथता.

"मला तू आवडतोस. तुलाही मी आवडते, नाहीतर डुकरांची मोजणी पाच-पाच वेळा कुणी करत नाही. आता पुढचं ऐक. मी माझा करार सोडणार नाही. माझे दोन्ही भाऊ परदेशी गेले. लोक म्हणाले दालुनागचं घर संपलं. मी पंधरा वर्षांची असल्यापासून आमाच्या मागे फिरते. कुणाचा रेडा, कुणाचं भांडण, सगळं मला पाठ आहे. लुबाकमध्ये आजवर बाईच्या हाती बोदोंग आला नाही. तो माझ्या हाती येणार आहे. तेव्हा…"

"तेव्हा मी सोडायचा."

"तू सोडायचा. दानिगकडून दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. आणि ते तुझ्या बापाला तू सांगायचं. मी नाही. आमाही नाही. तू."

वासिगची गुडघ्यावर वाजणारी बोटं थांबली. "सांगतो," तो म्हणाला. "उद्याच सांगतो."

आता यात एक अडचण होती, ती सांगायला हवी. गाम्माद म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं. कमी म्हणजे फारच कमी. त्याला काही खाजगीत सांगायचं म्हणजे अख्ख्या दानिगला सांगणं. शिवाय त्याला मुलगा हा एकच, आणि मुलगा आठ वर्षांनी घरी आला तो करार घ्यायलाच आला, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत सुटला होता. वासिग रोज त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा, तोंड उघडायचा, म्हातारा कानामागे हात धरून म्हणायचा, "काय?" आणि वासिग म्हणायचा, "जेवलात का?"

लुबाकला फोनची रेंज एकाच खडकावर येते. आविंगान रोज सकाळी त्या खडकावर चढायची. निरोप असायचा. 'उद्या सांगतो.' दुसऱ्या दिवशी, 'आज ते रागात होते. उद्या नक्की.' तिसऱ्या दिवशी नुसतंच, 'उद्या.'

मेजवानीच्या आदल्या सकाळी तिने उत्तर पाठवलं. 'उद्या मेजवानी आहे. त्यानंतरच्या उद्याला मी तुझी बहीण असेन. बघ तुला काय जमतं ते.' आणि फोन बंद केला. रडू आलं तिला, थोडंसं. मग ती खाली उतरली आणि तांदूळ निवडायला बसली, कारण दीडशे माणसांचा भात व्हायचा होता.

*

दानिगची माणसं सकाळी आली. वेशीवर त्यांना पाणी दिलं गेलं. तीन डुकरं आणि एक रेडा कापला होता, उसाची दारू होती, आणि दोन गावांतल्या म्हाताऱ्यांनी रीतीप्रमाणे जुनी गाऱ्हाणी काढून, रीतीप्रमाणे ती मिटवली. दुमायाने मटण तोडायला हात लावला होता. गाम्माद सगळ्यांत पुढे बसला होता, डोक्यावर पिसांचा टोप, कानामागे हात.

वासिग लाल लंगोटात उभा होता, अंगावर काटा आलेला. थंडी नव्हती. आविंगानने आजीचं लाल पट्ट्यांचं नेसूचं नेसलं होतं, गळ्यात आठ पदरी मण्यांच्या माळा. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. नुसतं भुवयांनी विचारलं. त्याने मान खाली घातली.

म्हणजे सांगितलं नाही. ठीक.

तिला राग यायला हवा होता. आला तो एक कोरडेपणा. एखादं दुकान बंद दिसलं की माणूस पुढच्या वळणाला लागतो, तसं तिने मनाला सांगितलं. तीन फेऱ्या. शेजारी शेजारी तीन फेऱ्या मारायच्या, हात पसरून, एकाच दिशेने, भावाबहिणीसारख्या. त्या पुऱ्या झाल्या की करार हाती आला. मग वासिग सणासुदीला यायचा, पाणी प्यायचा, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला भाऊजी म्हणायचा. करार तरी तिचा होता. एवढा तर तिचा होता.

नाचाचा कारभार चोम्माय आपोकडे. आपो म्हणजे आजी, आणि ही साऱ्या गावाची. वय विचारलं तर ती प्रत्येकाला वेगळं सांगते. तोंडातला पाइप काढून तिने दोघांना एकेक फडकं दिलं, जुनं, विणलेलं, नाचताना हातात धरायचं.

"चला. आणि तोंडं पाडू नका, मयत नाही झालेली."

सहा माणसं गुडघ्यांवर बसली, मांडीवर गांसा घेऊन. सहाव्या जागी वासिगचा कुणी मामा होता. पहिले पाच सुरू झाले, एकात एक गुंतत, आणि मामाने सहाव्यावर अशी काही थाप मारली, की वासिगचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. आविंगानने हात पसरले, पाय उचलला. एक पाऊल. दुसरं. तिला वाटलं तो उजवीकडे असेल.

तो उजवीकडे नव्हता. तो तिच्या समोर होता. मग डावीकडे. मग मागे.

तो तिच्या भोवती फिरत होता!

आता हे काय झालं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शेजारून चालतो तो करार. भोवती फिरतो तो कोंबडा. फडकं हलवत, मान ताठ करून, कोंबडा कोंबडीभोवती फिरतो तसा पुरुष बाईभोवती फिरतो, तो मागणी घालायचा नाच. आणि वासिगने बागियोच्या हॉटेलात आठ वर्षं रोज संध्याकाळी तोच एक नाच पाहिला होता. पाहुण्यांना तोच आवडतो. कराराचा नाच हॉटेलात कोण कशाला करील? त्याने तो जन्मात पाहिलेला नव्हता.

बहिणीभोवती कोंबडा झालेला पाहून आधी दानिग हसलं, मग लुबाक. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. मामाचा हात चुकला आणि गांसा थांबले.

"अरे गाढवा!" चोम्माय आपो ओरडली. "शेजारून! बहीण आहे ती!"

"आपो, हा गांसावाला," दालुनाग हसू दाबत म्हणाला, "याला नाच कुठला यायला?"

"येत नाही तर विचारायचं. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"मी कुठे अंगणाला नाव ठेवलं?" वासिग पुटपुटला. घामाने डबडबला होता. आविंगानला त्याची दया आली आणि आपल्याला दया आली याचा रागही आला. तो तिच्या पायांकडे बघत होता. सवयच त्याची. बघू दे, तिने म्हटलं.

"पुन्हा," चोम्माय आपो म्हणाली. "असा उभा राहा. इथे. हिच्या बाजूला. ती जाईल तसं जा. कळलं?"

"कळलं."

"गांसा!"

पुन्हा पाच थाळ्या सुरू झाल्या. मामाही सावरला. आविंगानने हात पसरले. वासिग तिच्या उजवीकडे होता. त्याचा खांदा तिला दिसत होता. एक पाऊल, दोन, तीन, चार. शेजारून. अगदी बरोबर. दानिगच्या एका म्हाताऱ्याने शाबासकीची मान हलवली. तेव्हा कुठे तिला कळलं की ती काही आशा सोडून बसलेली नव्हती. नुसती तसं म्हणत होती.

पाचव्या पावलाला खांदा दिसेनासा झाला.

तो समोर आला. या वेळी घाम नव्हता. मान ताठ होती, हातातलं फडकं खांद्याच्या उंचीवर, आणि डोळे पायांवर नव्हते. सरळ तिच्या डोळ्यांत. त्याने पहिलं वर्तुळ पुरं केलं, मोठं. दुसरं त्याहून लहान.

कुणी हसलं नाही.

दीडशे माणसं होती अंगणात. कुठेतरी हाडं चघळणारं कुत्रंही थांबलं असावं. गांसा मात्र चालूच होते, कारण थांबवायचं कुणी ते पाचांना कळत नव्हतं.

आविंगान जागच्या जागी उभी राहिली. काय करायचं ते दोनच प्रकारांनी करता येत होतं. तिने सरळ पुढे चालत राहायचं. मग त्याला निमूट शेजारी यावं लागलं असतं, बाईने झिडकारलं की कोंबडा मुकाट बाजूला होतो. सगळे म्हणाले असते, पुन्हा चुकला बिचारा. करार पुरा. आणि तो त्याच लायकीचा होता, इतके दिवस 'उद्या, उद्या' करणारा भित्रा. किंवा मग तिने पळायचं. त्या नाचात बाई होकार देते ती पळून. लहान लहान पावलांनी, पाठ अर्धी फिरवून, हाताला लागणार नाही इतकी दूर आणि वास येईल इतकी जवळ.

तिने त्याच्याकडे पाहिलं. फार घाबरलेला होता तो. पण फिरत होता.

आविंगान पळाली.

अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, हात पसरून, माळा वाजत, आणि तो मागे. चोम्माय आपोने पाइप तोंडातून काढला आणि मांडीवर आपटला.

"एकदा केलं ती चूक," ती जाहीर केल्यासारखी म्हणाली. "दोनदा केलं ती मागणी. थांबवा ते गांसा. बोलायचं आहे."

सगळ्यांची तोंडं गाम्मादकडे वळली. शेजारचा एकजण त्याच्या कानाशी वाकून ओरडायला लागला, तसं म्हाताऱ्याने त्याला हाताने दूर सारलं. "कान गेलेत, डोळे नाही गेले." तो उठला. हळूहळू मुलापर्यंत चालत गेला. त्याचा चेहरा दुखावलेला होता, रागावलेला नव्हता.

"मला आधी सांगायचंस की!"

"भीती वाटत होती!" वासिगला ओरडावंच लागलं. पलीकडच्या डोंगरावरही गेलं असेल ते.

"कशाची?"

"तुमची!"

"माझी? आणि हिची नाही वाटत?"

"हिची जास्त वाटते!"

मग मात्र अंगण फुटलं. दालुनागने डोळे पुसले, ते हसून की कशाने ते त्यालाच माहीत. गाम्मादही हसला, पण पुन्हा गंभीर झाला. "आणि करार? मी काय, अजून मेलेलो नाही. मीच ठेवतो माझ्याकडे."

"डोकं आहे का?" चोम्माय आपो म्हणाली. "तू ठेवलास आणि आविंगानने घेतला तर ती तुझी बहीण झाली. मग हा तिचा भाचा! आत्याशी लग्न लावतोस का पोराचं?"

आविंगान पुढे आली. दम लागला होता तिला. "मी माझा सोडणार नाही. आधीच सांगते. लग्न होवो न होवो."

"तुला कोण सोड म्हणतंय?" दालुनाग म्हणाला. "तो येईल इकडे राहायला. जावई इकडेच येतात. पण दानिगचा घेणार कोण?"

दानिगची माणसं एकमेकांकडे बघू लागली. हा शेतात असतो, तो खाणीत असतो, तिसरा दारू पितो. रोज उठून दोन गावांमध्ये ये-जा करणार कोण?

"मी घेते," मटणाच्या ओंडक्यापाशी दुमाया म्हणाली. कोपरापर्यंत हात लाल, हातात सुरा. "रोज दोन खेपा मारते मी. कुणाचा रेडा कुठे बांधलाय ते मला चोराच्या आधी कळतं. गाम्मादची पुतणी आहे, परकी नाही. आणि घर माझं वेगळं, म्हणजे वासिगचं लग्न अडत नाही."

"आधी का नाही बोललीस?" गाम्मादने विचारलं, म्हणजे ओरडला.

"मला कुणी विचारलं?"

*

तीन फेऱ्या झाल्या. आविंगान आणि दुमाया, शेजारी शेजारी, हात पसरून. दुमायाने हात धुतले होते, पण एप्रन काढायचं विसरली होती. दोन बायकांच्या हाती बोदोंग गेला म्हणून दोन-चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, आणि रेड्याचं मटण वाढल्यावर ती सरळ केली. सहाव्या गांसावर वासिग बसला होता. मामाला कुणीतरी दारूच्या बुधल्यापाशी नेऊन बसवलं होतं.

तिसरी फेरी संपली तेव्हा आविंगान लुबाकची राखणदार झाली. दालुनागने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेऊन तो पाहुण्यांना वाढायला वळला.

दुपार कलल्यावर ती घरामागच्या झऱ्यावर पाय धुवायला गेली. वासिग तिथे आधीच येऊन बसला होता. अजून लंगोटातच, पाठीवर तिच्या भावाचा जुना शर्ट.

"तीन महिने तोंड उघडलं नाहीस," ती म्हणाली. "आणि उघडलंस ते दीडशे माणसांसमोर."

"पायांनी."

"शहाणाच आहेस." ती पलीकडच्या दगडावर बसली, पाय पाण्यात सोडले. "खरं सांग. पहिल्यांदा मुद्दाम केलंस?"

"नाही. शपथ. पहिल्यांदा चुकलो. मला वाटलं नाच असाच असतो." तो थांबला. "सगळे हसले तेव्हा मेल्याहून मेलो. म्हटलं आता शेजारून चालायचं आणि संपवायचं. पण मी तुझे पाय बघितले होते. मी भोवती आलो तसं तुझं पाऊल मागे सरकलं. अर्धंच. पण… पळायला निघालेलं पाऊल होतं ते. ते बघितलं, आणि मग मला शेजारून चालता आलं नाही."

आविंगान पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत राहिली.

"ती सवय होती," ती म्हणाली. "लहानपणापासून चोम्माय आपोने घोटून घेतलंय. कुणीही भोवती आला की पाऊल आपोआप मागे जातं. त्याला काही अर्थ नव्हता."

वासिगचा चेहरा पडला. "आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा," आविंगान म्हणाली, "मी पळाले."